कॅज्युअल्टीबाहेर बसलेलं प्रत्येक माणूस तुम्हाला उद्धट का वाटतं

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीबाहेर रात्री दहानंतर अर्धा तास बसून बघा, तिथला प्रत्येक जण बाकीच्या सगळ्यांवर मनातल्या मनात निकाल देत असतो. फोनवर हसणारा माणूस, याला काही पडलेलीच नाहीये. काउंटरवर आवाज चढवणारा, पैशाचा माज. कोपऱ्यात वडापाव खाणारी बाई, अशा वेळी हिच्या घशाखाली उतरतं तरी कसं. आणि हाक मारूनही न थांबता आत पळालेली सिस्टर, ती तर काय उद्धटच. आता तो हसणारा माणूस कदाचित गावाकडे आईला सांगत असेल की अण्णा बरे आहेत, तू जेवून घे, आणि आईला शंका येऊ नये म्हणून मुद्दाम हसत असेल. त्या बाईला शुगर असेल आणि बार्शीहून पहाटेच्या एसटीने निघाल्यापासून तिच्या पोटात काही गेलं नसेल. हे आपल्याला दिसत नाही हे खरं, पण दिसत नसताना गप्प बसायचं सोडून मन निकाल लावून मोकळं होतं.

असं का होतं यावर मानसशास्त्रात गेली साठेक वर्षं काम चालू आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. घरातल्या आजारपणांमुळे मी अशा हॉलमध्ये बऱ्याच रात्री काढल्यात, आणि तिथे माणसं एकमेकांना किती दुखावतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली बहुतेक माणसं वाईट नसतात.

मूळ गोष्ट अशी. समोरचा माणूस काही वागला की त्याची कारणं दोन ठिकाणी असू शकतात, एक त्याच्या स्वभावात आणि दुसरं त्याच्या परिस्थितीत. फ्रिट्झ हायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हे नीट मांडलं. त्याचं निरीक्षण असं की माणूस आणि त्याचं वागणं आपल्या नजरेत एवढं भरतं की आजूबाजूची परिस्थिती मागे पडते. मग १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी एक प्रयोग केला. लोकांना क्यूबाचा कम्युनिस्ट नेता फिडेल कॅस्ट्रो याच्याबद्दलचे निबंध वाचायला दिले, काही बाजूने, काही विरोधात. काही वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं की लिहिणाऱ्याला कुठल्या बाजूने लिहायचं ते नेमून दिलं होतं, त्याच्या हातात काही नव्हतं. तरीसुद्धा वाचकांचा कल असाच की ज्याने बाजूने लिहिलंय तो मनातूनही थोडाफार कॅस्ट्रोवालाच असणार. सांगून कळत नाही, म्हणजे कळतं पण निकालात उतरत नाही. १९७७ मध्ये ली रॉस यांनी या चुकीला नाव दिलं, मराठीत आपण मूलभूत कारण-चूक म्हणू. नाव काही का असेना, गोष्ट एवढीच की दुसऱ्याचं वागणं आपण त्याच्या स्वभावाच्या खात्यात टाकतो आणि परिस्थितीला फार कमी मार्क देतो.

पण हे तर सगळीकडेच होतं, घरात, ऑफिसात. मग स्टेशनवर, हॉस्पिटलात, ट्रॅफिकमध्ये ते एवढं वाढतं का? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दिलं, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे.

त्यांचं म्हणणं असं की माणूस ओळखणं हे एका झटक्यात होत नाही, दोन पायऱ्यांत होतं. पहिल्या पायरीला मन आपोआप शिक्का मारतं, हा चिडका, ही घाबरट, हा आगाऊ. याला काही कष्ट लागत नाहीत. दुसऱ्या पायरीला मन तो शिक्का दुरुस्त करतं, की थांब, याची गाडी चुकलीये म्हणून हा असा बोलतोय. या दुसऱ्या पायरीला मात्र डोकं रिकामं लागतं, लक्ष द्यावं लागतं. डोकं दुसऱ्या कशात अडकलं असेल तर पहिली पायरी होते आणि दुसरी राहून जाते.

हे तपासायला त्यांनी लोकांना एका बाईचा आवाज बंद केलेला व्हिडिओ दाखवला. ती अनोळखी माणसाशी बोलतेय आणि खूप अवघडलेली दिसतेय. खाली पट्टीवर ती कुठल्या विषयावर बोलतेय ते लिहून येतं. काहींना साधेसुधे विषय दाखवले, काहींना असे खाजगी विषय की कोणीही अवघडेल. ज्यांचं डोकं मोकळं होतं त्यांनी बरोबर हिशोब केला, की विषयच असा आहे, बाई काही मुळात घाबरट नसणार. पण काही लोकांना सोबत एक काम दिलं होतं, ते विषय पाठ करायचं. आणि यांनी ते विषय पाठ केले, नंतर सांगितलेही, तरी निकाल देताना वापरलेच नाहीत! बाई स्वभावानेच घाबरट असं सांगून मोकळे झाले. परिस्थितीची माहिती डोक्यात होती, नीट होती, फक्त ती कामाला लावायला डोक्यात जागा उरली नव्हती.

आता हे कॅज्युअल्टीबाहेर लावून बघा. तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की हे हॉस्पिटल आहे, इथे येणारं प्रत्येक माणूस काळजीत आहे. पण त्याच वेळी तुमच्या डोक्यात काय काय चालू असतं, केसपेपर कुठे ठेवला, डिपॉझिट किती म्हणाले, कार्ड चालेल का यूपीआय, फोनची बॅटरी अकरा टक्के, दादाला कळवलं का, रक्ताची बाटली कुठून आणायची, आणि या सगळ्याच्या खाली एकच प्रश्न, आत काय चाललंय. या अवस्थेत पहिली पायरी जोरात चालते आणि दुसरीला वेळच मिळत नाही. म्हणजे ज्या जागी माणसं त्यांच्या रोजच्या वागण्यापासून सगळ्यात लांब गेलेली असतात, नेमक्या त्याच जागी आपण त्यांच्या स्वभावाबद्दल सगळ्यात ठाम असतो. आणि हे दोन्हीकडून होतं हे विसरू नका, तुम्ही ज्या बाईला उद्धट म्हणताय तिच्याही डोक्यात तेवढीच गर्दी आहे आणि तिने तुमच्यावरही एक शिक्का मारलाय.

घाई पण हेच करते. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, म्हणजे पुढे धर्मगुरू होऊ शकतील अशी मुलं. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं आणि वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत पडलेला, हा अर्थातच प्रयोगातला. ज्यांना सांगितलं होतं की अजून थोडा वेळ आहे, त्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना सांगितलं उशीर झालाय पळा, त्यातले फक्त १० टक्के. अर्ध्या मुलांना तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी वाटसरूच्या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायचं होतं, त्याने विशेष फरक पडला नाही. लोक ही गोष्ट सांगून म्हणतात बघा माणूस किती ढोंगी, पण मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. न थांबता पुढे गेलेली बरीच मुलं भाषणाच्या जागी पोचली तेव्हा अस्वस्थ दिसत होती. म्हणजे ती निर्दय नव्हती, दोन्हीकडून ओढली गेली होती. पण त्या गल्लीत उभं राहून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय दगडाच्या काळजाची पोरं आहेत.

इथे कोणीतरी म्हणेल की हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे माणूस माणसाला जास्त समजून घेतो. यात तथ्य आहे, आणि त्यावर काम आपल्या शेजारच्या कर्नाटकातच झालंय. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना केली. एक किस्सा म्हैसूरकडचाच होता. एक वकील मोटरसायकलवरून चाललेला, मागे एक माणूस बसलेला, मागचं टायर फुटलं आणि मागच्याच्या डोक्याला लागलं. वकिलाने त्याला हॉस्पिटलात नेऊन सोडलं आणि तो कोर्टाच्या कामाला निघून गेला. पुढे तो जखमी माणूस गेला. वकील असा का वागला? शिकागोवाल्यांचा भर त्याच्या स्वभावावर, बेजबाबदार आहे. म्हैसूरवाल्यांचा भर परिस्थितीवर, की कोर्टात अशिलासाठी उभं राहणं त्याचं कर्तव्यच होतं, तो गोंधळला असेल, जखम तेवढी गंभीर दिसली नसेल. आणि गंमत म्हणजे आठ वर्षांच्या मुलांमध्ये दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, वय वाढत गेलं तसा तो वाढला. म्हणजे परिस्थिती बघायची ही सवय आपण मोठ्यांचं ऐकून ऐकून शिकतो, आजी म्हणते ना, "अगं तिच्या घरी काय चाललंय आपल्याला काय माहीत", ते शिक्षण.

पण मला वाटतं त्यात एक अडचण आहे. आजी हे कोणाबद्दल म्हणते? शेजारणीबद्दल, चुलत नणंदेबद्दल, वाड्यातल्या माणसाबद्दल, जिच्या घरचं थोडं तरी माहीत आहे. स्वारगेटच्या गर्दीत धक्का मारून गेलेल्या माणसाचं आपल्याला काहीच माहीत नसतं, त्याच्या मागे घर, गाव, नाव काही दिसत नाही. कर्वे रोडला तर चेहराही दिसत नाही, हेल्मेट नाहीतर डोळ्यांपर्यंत स्कार्फ. मग उरतं काय, गाडी, कपडे आणि बोलण्याची ढब, आणि निकाल त्यावर लागतो.

गाडीवरून आठवलं, डूब आणि ग्रॉस यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात सिग्नलवर एक प्रयोग केला, तो पुण्यातल्या प्रत्येकाने वाचावा. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी हलत नाही. कधी ती गाडी नवी महागडी, कधी जुनी खटारा. मागचा हॉर्न मारतो का ते बघायचं. जुन्या गाडीमागे ८४ टक्के लोकांनी हॉर्न मारला, महागड्या गाडीमागे ५० टक्के लोकांनी. थांबण्याची वेळ तीच, सिग्नल तोच. नळ स्टॉपला लुनावरच्या काकांना आणि मोठ्या काळ्या एसयूव्हीला मिळणारे हॉर्न मोजायला कोणी उभं राहिलं नसेल, पण आपण सगळे तिथे रोज असतो. हॉस्पिटलात हेच सोलापूर, सातारा, नगरकडून आलेल्या माणसांबाबत घडतं. धोतर, टोपी, हातात पिशवी आणि काउंटरवर "कुठं जायाचं ओ?" असं विचारलं की मागच्या रांगेतून उसासा ऐकू येतो. तोच प्रश्न शर्ट इन केलेल्या माणसाने इंग्रजी मिसळून विचारला की चार जण रस्ता दाखवतात. समजून घेण्याची मुभा आपण सगळ्यांना सारखी वाटत नाही आणि हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात अन्यायाचं वाटतं.

चेहरा दिसला तरी फार उपयोग होतो असं नाही. विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा फक्त दहावा भाग दिसला तरी माणूस भरवशाचा वाटतो की नाही हे लोक ठरवून टाकतात, आणि जास्त वेळ दिला तरी निकाल फारसा बदलत नाही, आत्मविश्वास तेवढा वाढतो. तसंच "मी माणूस बघून सांगतो खोटं बोलतोय का" असं म्हणणारे खूप भेटतात, पण अशा शेकडो अभ्यासांचा बॉन्ड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये एकत्र हिशोब केला तेव्हा लोकांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण ५४ टक्के निघालं, नाणं उडवलं तरी ५० येतं. अमेरिकेत विमानतळांवर प्रवाशांचं घाबरणं, हावभाव बघून संशयित निवडायची एक मोठी योजना होती, तिथल्या सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये पैसे आवरायला सांगितलं, कारण हावभावावरून हेतू ओळखता येतो याला पुरेसा पुरावाच सापडला नाही. घाबरलेला माणूस घाबरलेला दिसतो, एवढंच त्यातून कळतं. पहिल्यांदा विमानात बसणारा पण तसाच दिसतो.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण या विषयावरचे लेख वाचून बायकांना उगाच अपराधी वाटतं. रात्री बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचं काहीतरी खटकलं तर उठून जागा बदला, उतरा, रिक्षा सोडून द्या, फोन लावा. त्यासाठी दुसरी पायरी वगैरे काही करत बसायची गरज नाही. स्वतःला सुरक्षित ठेवणं वेगळं आणि तो माणूस कसा आहे याचा निकाल देणं वेगळं. जागा बदलायला पुरावा लागत नाही. पुरावा लागतो तो कोणाला चोर, दारुड्या, मुलं पळवणारा म्हणून चारचौघांत बोट दाखवायला. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने मारून टाकलं, ते भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने आधीच भीती भरलेली होती, अनोळखी चेहरे दिसले, पहिली पायरी झाली आणि पुढे काहीच झालं नाही.

रांगेकडे वळते, कारण रोजची भांडणं तिथेच होतात. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये थांबण्याबद्दल साधे नियम लिहिले, त्यातले तीन आपल्या कामाचे: किती थांबायचं ते माहीत नसेल तर थांबणं लांबतं, का थांबतोय ते सांगितलं नाही तर लांबतं, आणि अन्याय होतोय असं वाटलं तरी लांबतं. कॅज्युअल्टीत हे तिन्ही एकत्र येतात. तिथे नंबर आल्या क्रमाने लागत नाही, जिवाला किती धोका आहे त्यावर लागतो, बऱ्याच ठिकाणी त्यासाठी लाल, पिवळा, हिरवा असे गट करतात. आणि धोका बाहेरून दिसतोच असं नाही. पडून डोकं फुटलेल्या मुलाचा शर्ट रक्ताने भिजतो, कारण डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठाच भरपूर असतो, पण मूल शुद्धीत असेल, बोलत असेल तर ते बऱ्याचदा थोडं थांबू शकतं. तेवढ्यात पन्नाशीचा एक माणूस स्वतःच्या पायाने चालत येतो, म्हणतो छातीत जड वाटतंय, आणि त्याला लगेच आत घेतात, कारण अशा पेशंटचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा असं हृदयरोगाच्या गाइडलाइन्स सांगतात. बाहेर रक्ताळलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बापाला काय दिसतं? धडधाकट माणूस मागून आला आणि ओळखीवर आत गेला. मग तो आवाज चढवतो, मग बाकीचे त्याला माजलेला म्हणतात, मग सिक्युरिटी येतो. सगळे जण आपापल्या जागी बरोबर आणि सगळ्यांचा एकमेकांबद्दलचा निकाल चूक.

याला उपाय म्हणून "सगळ्यांनी समजून घ्यायला शिका" असं सांगणं मला पटत नाही. गिल्बर्टच्या प्रयोगात माहिती डोक्यात असूनही वापरली गेली नाही, तर ताणाखाली असलेल्या बापाकडून आपण कसली अपेक्षा करतोय. जिथे डोकं रिकामं नाही तिथे कारण समोर ठेवावं लागतं, ऐन वेळी आणि सोप्या शब्दांत. "आल्या क्रमाने नाही, धोक्याच्या क्रमाने घेतो, थांबायला सांगितलं म्हणजे जिवाला धोका कमी आहे" असा मोठा बोर्ड मराठीत लावा, आणि दर थोड्या वेळाने एका माणसाने बाहेर येऊन तेच तोंडाने सांगावं. घाटात बस थांबली तर कंडक्टरने मागे वळून एक वाक्य बोलावं. आपणही, रांगेत पुढे जायचंच असेल तर कारण सांगावं. एलेन लँगर यांच्या १९७८ च्या झेरॉक्सच्या रांगेतल्या प्रयोगात पाच पानांसाठी नुसतं "मला आधी करू द्या" म्हटल्यावर ६० टक्के लोकांनी जाऊ दिलं, "घाईत आहे" म्हटल्यावर ९४ टक्के लोकांनी. "कारण मला कॉपी काढायचीये" असल्या पोकळ कारणालाही ९३ टक्के हो म्हणाले. पण पानं २० झाली की पोकळ कारण चाललं नाही, खरं कारण दिलं तेव्हाच हो म्हणणारे वाढले. छोट्या गोष्टीला काहीही चालतं, मोठं मागायचं असेल तर खरं सांगा.

शेवटचा मुद्दा रस्त्यावरच्या अपघाताचा, कारण तिथे चुकीच्या निकालाने जीव जातात. जखमी माणसाला जो उचलून आणतो त्याच्याकडेच आधी संशयाने बघितलं जातं, "उडवलं तूच असणार, नाहीतर कशाला आणशील", आणि या भीतीने पुढचे दहा जण गाडी थांबवत नाहीत. कायदा आता बदललाय. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीच्या दुखापतीचं खापर फोडता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते त्याने ठरवायचं, आणि हॉस्पिटल त्याला अडवू शकत नाही की त्याच्याकडून भरतीचे पैसे मागू शकत नाही. १०८ ला फोन करा, थांबलात तर उत्तम, पेशंटला पोचवून निघून गेलात तरी तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. आणि हे सगळं इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत हॉस्पिटलच्या दारात लावायचं असंही त्या सूचनांमध्ये आहे. पुढच्या वेळी कोणाला भेटायला हॉस्पिटलात गेलात की तो बोर्ड शोधा, दिसला नाही तर काउंटरवर विचारा कुठे लावलाय म्हणून.